घरी दुखणे होते

गेल्या श्रावणात मी माईआत्याला एक वाक्य वाचून दाखवलं, जे कागदावर नव्हतंच. मिरजेच्या घरी माजघरातल्या खिडकीशी ती आरामखुर्चीत बसली होती, मी तिच्या पायाशी पाटावर, आणि दोघींच्या मधे पत्र्याची पेटी. बाहेर पागोळ्या गळत होत्या. पेटी उघडली तसा डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा मिळून एक कोरडा वास आला. तळाशी, तिच्या लग्नातल्या याद्यांखाली, तिच्या वडिलांचं म्हणजे माझ्या आजोबांचं पत्र होतं. १९४३ सालचं, मोडीतलं. आजोबा संस्थानच्या खजिन्यात कारकून. हात असा वळणदार की एकदा ओळ सुरू झाली की शेवटापर्यंत लेखणी उचलली नसेल असं वाटावं. पत्र त्यांनी मुंबईला धाकट्या भावाला लिहिलेलं. तो भाऊ गेल्यावर त्याच्या कागदांबरोबर ते मिरजेला परत आलं आणि आत्याने जपून ठेवलं. तिला मोडी येत नाही. मी पुण्यात मोडीच्या वर्गाला जाते हे कळल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, अण्णांचं पत्र वाचून दाखव.

त्या साली ती सहा वर्षांची होती आणि तिला मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवसांचा. त्यातलं तिला आठवतं ते एवढंच: रात्र, कमी केलेल्या वातीचा कंदील, कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी आणि ती घडी बदलणारा अण्णांचा हात. पत्राची तारीख त्याच महिन्यातली, त्यामुळे आत काय असणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. मी अडखळत वाचत गेले. भावाला आशीर्वाद, पावसाने दिलेली ओढ, शाळूचा दर, रॉकेल मिळत नाही, परसातली भिंत ओणवली आहे, गेल्या खेपेचे चाळीस रुपये अजून पोचले नाहीत. मग एक ओळ, आणि पुन्हा भिंतीचा खर्च.

घरी दुखणे होते, आता उतार आहे. एवढंच.

"माझं नाव नाही का गं कुठं?" आत्याने विचारलं. मी मान वर केली नाही. म्हणाले, "आहे की. हे बघ, चिरंजीव माई तापाने फार हैराण होती. सात रात्री तिच्या उशाशी बसून काढल्या. पोर वाचली, देवाची कृपा." शेवटच्या शब्दांपाशी मी जरा थांबलेसुद्धा, अवघड जोडाक्षर लावत असल्यासारखी. आत्याने डोळे मिटले. तिच्या हनुवटीखालची कातडी थरथरली आणि मग ती लहान मुलीसारखी हसली. "मला माहीतच होतं," म्हणाली.

रात्री मला झोप आली नाही. आपण मराठी माणसं लहानपणापासून 'ध चा मा' ही गोष्ट ऐकतो. एका कागदावरचं एक अक्षर बदललं आणि शनिवारवाड्यात नारायणराव मारला गेला. इतिहासकार तिला पुरावा मानत नाहीत, तरी ती मनातून जात नाही, कारण लिहिलेल्या कागदात हात घालण्याची भीती तिच्यात आहे. माझ्या हातून कुणाचा जीव गेला नव्हता, उलट एका म्हातारीला सुख झालं होतं. पण मोडीच्या वर्गात पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं होतं की अक्षर लागलं नाही तर जागा मोकळी सोडायची, अंदाजाने भरायची नाही. आणि इथे तर अक्षर लागलेलं होतं. स्वच्छ लागलेलं होतं.

सकाळी दूध आणायला बाहेर पडले आणि पाय आपोआप खरे मंदिराकडे वळले. लहानपणी सुट्टीत मिरजेला आले की आजी कुणाला तरी सांगायची, "हिला खरे मंदिरात सोड." मी चपला काढून आत जायची आणि देव शोधायची. देव नव्हता. लाकडी कपाटं होती, लांब बाकं होती, वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून बसलेले म्हातारे होते. "इथला देव कुठे आहे?" असं मी एकाला विचारलं तेव्हा त्यांनी हसून कपाटांकडे बोट दाखवलं. वासुदेवशास्त्री खरे हे नाव मला अशा रीतीने कळलं. पुढे कित्येक वर्षं ते माझ्यासाठी एका इमारतीचंच नाव होतं. त्यामागे एक माणूस होता, तो याच गावात मुलांना संस्कृत शिकवायचा, रात्री समईच्या नाहीतर कंदिलाच्या उजेडात मोडी कागद लावायचा आणि नाटकंही लिहायचा, हे ध्यानात यायला माझी चाळिशी उलटावी लागली.

शास्त्रीबुवा मूळचे गुहागरचे. जन्म १८५८चा. साताऱ्याला अनंताचार्य गजेंद्रगडकरांकडे संस्कृत शिकले आणि विशी नुकतीच ओलांडलेली असताना मिरजेच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून आले ते इथलेच झाले. मिरजेच्या संस्थानिक पटवर्धनांचा मूळपुरुष हरिभटही असाच कोकणातून, कोतवड्याहून, घाट चढून आला होता आणि इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे उपाध्येपण करत होता. त्याची मुलं-नातवंडं तलवार धरून सरदार झाली, मिरजेचा किल्ला त्यांच्याकडे आला, आणि शंभर वर्षांनी दुसरा एक कोकणातला भिक्षुकी वळणाचा मुलगा येऊन त्यांचे कागद वाचायला बसला. या दोन वाटा मिरजेत एकमेकींना मिळाल्या याचं मला फार अप्रूप वाटतं. पटवर्धनांच्या दप्तरांत रुमालांमागून रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, ठेवलेले होते. छावणीतून घरी आलेली पत्रं, पुण्याहून वकिलांनी पाठवलेली बातमीपत्रं, हिशेब, याद्या. वाळवी, उंदीर आणि ओल यांतून जे वाचलं ते.

असे कागद एकदा मी हातात घेतले आहेत. वर्गात कुणीतरी घरातलं एक बाड आणलं होतं. घडी उलगडली आणि तळहातावर बारीक, चकाकणारं काहीतरी सांडलं. शाई वाळावी म्हणून टाकलेली वाळू. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी चिमटीने भुरभुरवलेली ती वाळू अजून घडीत अडकून बसली होती. मी ती झटकली नाही, रुमालाच्या टोकाला बांधून घरी आणली. शास्त्रीबुवांच्या हातावर अशी किती वाळू सांडली असेल! शाळेचे तास संपवून, पोरांच्या शब्दरूपावल्या तपासून ते या कागदांपुढे बसत. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भरवसा नसतो, आणि तारखा मुसलमानी महिन्यांच्या, 'छ' घालून लिहिलेल्या. तिथी, वार, चंद्र आणि मुक्काम यांचा मेळ घालायचा तेव्हा कुठे कळणार की हे पत्र कोणत्या साली, कोणत्या नदीकाठी लिहिलंय. पत्रावर साल बहुधा नसतंच. ज्याला पाठवलं त्याला साल माहीतच होतं ना!

१८९७ साली त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला सुरुवात केली. इतिहासकार राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड यायला अजून एक वर्ष होतं. पानिपतानंतरच्या चाळीसेक वर्षांचा मराठी राज्याचा संसार या पत्रांत आहे. स्वतःच्या हयातीत त्यांनी बारा खंड काढले, पुढचं काम मुलाने नेलं. मिरजेतल्या एका शाळामास्तराने हे केलं, हे मी मुद्दाम पुन्हा लिहिते. हाताखाली कारकून नाहीत, छायाचित्रं नाहीत. नक्कल करायची तर बोटांनीच.

त्या खंडांची रचना मला आता, आत्याच्या पत्रानंतर, निराळीच दिसायला लागली आहे. नुसती पत्रं एकापाठोपाठ छापली असती तर तुमच्या-माझ्यासारख्याला काही उलगडलं नसतं. म्हणून शास्त्रीबुवा आधी स्वतः त्या प्रकरणाची हकीकत सांगतात. कोण कुठे होता, कशावरून बिनसलं, फौज कोणत्या वाटेने निघाली. चांगलं, वाहतं मराठी. आणि मग ते बाजूला होतात आणि पत्रं सुरू होतात. त्यांचा आवाज थांबतो ती जागा पानावर डोळ्यांना दिसते. तिथून पुढे 'विज्ञापना ऐसीजे' आणि चंदी-वैरणीची टंचाई, पगारासाठी अडून बसलेली शिबंदी, नदीला आलेलं पाणी, कर्ज, पुन्हा कर्ज. माणसं मरतात तेव्हासुद्धा पत्रातलं वाक्य लांबत नाही. देवाज्ञा झाली, ईश्वरसत्तेपुढे उपाय नाही, आणि लगेच पुढचं कलम.

या पुरुषांना काही वाटतच नव्हतं की काय?

मला हा प्रश्न वाचताना दर दहा पानांनी पडतो. नाना फडणिसांनी स्वतःच्या पूर्ववयाबद्दल जे थोडंसं लिहून ठेवलं आहे, त्यात पानिपताहून जीव घेऊन पळाल्याची हकीकत आहे, आईची ताटातूट आहे, स्वतःच्या मनाच्या दुबळेपणाची कबुली आहे. ते वाचताना अंगावर काटा येतो तो यासाठी की असं लिहिण्याची रीतच नव्हती. खऱ्यांनी नानांचं चरित्र लिहिलं, १८९२ साली, म्हणजे लेखसंग्रहाच्याही आधी. तो कबुलीचा कागद त्यांनी किती वेळा वाचला असेल कोण जाणे. आणि त्यानंतर हजारो पत्रं वाचली ती अशी, ज्यांत मन कुठेच नाही, नुसता मुक्काम आहे. ज्या माणसाला कालिदास-भवभूती तोंडपाठ, ज्याने स्वतः 'यशवंतराव' नावाचं महाकाव्य रचलं, त्याला या कोरड्या ओळींपुढे बसून काय होत असेल? मला वाटतं, नाटकं तिथून आली.

तारखेच्या हिशेबाने हे माझं म्हणणं पुरतं टिकत नाही, हे मान्य करते. 'गुणोत्कर्ष' हे नाटक त्यांनी ऐन तारुण्यात लिहिलं, दप्तरांत बुडून जाण्याच्या आधी. त्या काळी या भागात राहून नाटकाचा नाद न लागणं कठीणच होतं. सहा मैलांवर सांगली, जिथे १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं ते पटवर्धनांच्याच आश्रयाने. नाटककार देवल हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचे. आणि १९०५ साली नारायण राजहंस नावाचा मुलगा शकुंतला होऊन पहिल्यांदा रंगभूमीवर आला तो मिरजेतच. पुढे ज्याला महाराष्ट्राने बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतलं त्याचं ते पदार्पण शास्त्रीबुवांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झालं. तंतुवाद्य करणाऱ्यांच्या गल्लीत वाळत घातलेले भोपळे, तारा लावताना निघणारा तो एकच सूर, रात्री कुठल्यातरी वाड्यात चाललेली तालीम. हे सगळं कानावर पडत असताना माणूस नुसता मोडी कागद लावत कसा बसेल?

पण उतारवयातली नाटकं मात्र माझ्या म्हणण्याला दुजोरा देतात. लेखसंग्रहाचे खंड एकीकडे निघतच होते, आणि दुसरीकडे 'तारामंडळ', 'चित्रवंचना', 'कृष्णकांचन', 'शिवसंभव', 'उग्रमंगल'. साठीला टेकलेला माणूस नाटकामागून नाटक लिहितो आहे. 'उग्रमंगल' दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने केलं. मी यातलं एकही नाटक रंगमंचावर पाहिलेलं नाही. वाचायचा प्रयत्न केला. संस्कृताचं ओझं आहे, पात्रं लांबलचक बोलतात, पदं चालीशिवाय कागदावर निपचित पडलेली वाटतात. खरं सांगायचं तर लेखसंग्रहाचा कुठलाही खंड मला त्या नाटकांपेक्षा जिवंत वाटतो. तरी 'शिवसंभव' मी सोडू शकले नाही, कारण त्याच सुमारास, १९२०मध्ये, त्यांचं 'मालोजी व शहाजी' हे पुस्तक आलं. म्हणजे तीच माणसं, तोच काळ. भोसले, जाधव, निजामशाहीची पडझड. एकाच डोक्यात, एकाच घरात, कदाचित एकाच दौतीतून दोन्ही.

पुस्तकात खरे किती जपून चालतात! इथे साधन आहे, इथे नाही, हे बखरकार म्हणतो पण पटत नाही. शहाजीच्या आणि लखुजीच्या वैरामध्ये सापडलेल्या, दिवस भरत आलेल्या जिजाबाईला काय वाटलं असेल, याला इतिहासात जागा नाही, कारण तसा कागद नाही. नाटकात तिला बोलावंच लागतं. पडदा वर गेला, समोर हजार माणसं बसली आहेत, तिथे 'साधन उपलब्ध नाही' असं म्हणून जिजाबाईला विंगेत परत जाता येत नाही. दिवसा ज्या जागा त्यांनी प्रामाणिकपणे मोकळ्या सोडल्या, त्या रात्री नाटकात भरल्या. मला सगळ्यात भिडतं ते हे की नाटकातलं बोलणं त्यांनी कधी पुस्तकात येऊ दिलं नाही. मोह झाला नसेल? ज्याला संवाद लिहिता येतो त्याला पत्रात एक ओळ सरकवणं किती सोपं! त्या वेळी मिरजेची दप्तरं त्यांच्याइतकी वाचलेला दुसरा कोण होता जो म्हणेल की ही ओळ मूळ कागदात नाही?

मी तर एका म्हातारीपुढे दोन मिनिटंसुद्धा टिकले नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मला पुरती खोडून काढता येत नाही. आत्याची आठवण खोटी कशावरून? अण्णा तिच्या उशाशी बसले असतीलच. 'घरी दुखणे होते' या तीन शब्दांत सात रात्री असतीलच. भावाला मुंबईत काळजी नको, पोस्टकार्डात जागा नाही, पोरीचं दुखणं पुरुषाने पुरुषाला काय म्हणून लिहायचं, अशा कितीतरी कारणांनी ते शब्द तीनच राहिले. मी जे वाचलं ते कदाचित घडलेलं होतं, फक्त लिहिलेलं नव्हतं. पण मग अण्णांचे ते तीन शब्द? त्यांनी जे लिहिलं नाही, त्यातसुद्धा ते होते ना? सगळं गिळून पुढच्या ओळीत भिंतीच्या खर्चाकडे वळणारा तो कारकून मला त्या रात्री पहिल्यांदा भेटला होता, आणि मी त्याच्या तोंडी माझं मराठी घातलं. 'देवाची कृपा' तर ते म्हणालेच नसते. आत्याच सांगते की अण्णा देवळाच्या पायरीवर बाहेरच थांबायचे.

शास्त्रीबुवा ११ जून १९२४ला गेले. पावसाळ्याच्या तोंडावर. मृगाचा वास सुटलेला असताना कुणीतरी त्यांच्या टेबलावरचे उघडे रुमाल बांधून ठेवले असतील, ओल लागू नये म्हणून. हे मी कल्पनेने लिहिते आहे, हे सांगून ठेवते.

दिवाळीत पुन्हा मिरजेला गेले. आत्याचा नातू परदेशातून आला होता, त्याला पत्र दाखवायचं म्हणून तिने पेटी आधीच काढून ठेवली होती. "वाच गं ते, माझ्या तापाचं," ती म्हणाली. मी कागद हातात घेतला, ओळीवर बोट ठेवलं, आणि माझ्याआधी तिनेच सुरुवात केली. पाठ झालं होतं तिला. सात रात्रींच्या नऊ झाल्या होत्या. कंदिलातलं तेल संपलं आणि अण्णांनी शेजारच्या वाड्यातून मागून आणलं, हे नवीन आलं होतं. नातू ऐकत होता, मी ऐकत होते. ती थांबली तेव्हा मी म्हणाले, "आत्या, मी चुकीचं वाचलं होतं गं. तुझं नाव यात नाही." मग मी तीन शब्द वाचले. सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून.

ती बराच वेळ काही बोलली नाही. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, कागद जवळ घेऊन न कळणाऱ्या त्या अक्षरांकडे पाहिलं. "दुखणे," ती म्हणाली. "हे का ते?" मी तिचं बोट धरून नेमकं तिथे टेकवलं. ती बोट फिरवत राहिली. "दुखणंच म्हणायचे ते. कुणाचंही असलं तरी."

संध्याकाळी मी दोन कागद घेतले. एकावर पत्राची बाळबोध नक्कल केली, चाळीस रुपये आणि ओणवलेल्या भिंतीसकट, जिथे शाई फुटली होती तिथे जागा मोकळी सोडून. दुसऱ्यावर वरती लिहिलं, 'माईआत्याने सांगितलेली हकीकत', खाली तारीख घातली आणि तिला म्हणाले, आता सांग. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. रात्री किती, यावर ती अडली. बोटं मोजली, नातवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सात लिही," म्हणाली. मग जरा वेळाने, "नाही, किती ते आठवत नाही असं लिही. पण तेल आणलं होतं. ते नक्की लिही."

मी ते लिहिलं. दोन्ही कागद मूळ पत्राच्या दोन बाजूंना ठेवले, वर लाल फडकं गुंडाळलं आणि पेटीत ठेवून दिले.